काठ मोजायचा नसतो

९ फेब्रुवारी

आज पाणी तोडलं.

चाचणीच्या शेतावर प्लास्टिकचं छप्पर ओढून घेतलं, पाटाचं दार बंद केलं आणि मुकादमाला बजावलं की आता कापणीपर्यंत इथे कुणी हातसुद्धा धुवायचे नाहीत. भात पोटरीत आलंय, लोंबी अजून आतच आहे, थोड्या दिवसांत बाहेर डोकावेल. नेमका याच वेळी त्याचा घसा कोरडा पडला पाहिजे. दुष्काळ सोसणारं भात निवडायचं तर त्याला दुष्काळ दाखवावा लागतो, त्याला इलाज नाही. नवऱ्याला हे क्रूर वाटतं. जेवताना मी या विषयावर बोलायला लागले की तो पाण्याचा जग माझ्याकडे सरकवतो.

या खेपेला गळ्याशी आलंय, म्हणून नीट लिहून ठेवते. माझ्या वाणाला कागदोपत्री लांबलचक आकडा आहे, मी तिला थोरली म्हणते. मार्चअखेर ती समितीसमोर जाणार. समितीनं होकार दिला तर पुढच्या हंगामात तिचं बी लोकांच्या शेतात पडेल. नाही दिला तर साहेब आमचा भाताचा विभाग मक्याच्या विभागात विलीन करणार. हे त्यांनी मला दोनदा सांगितलंय, दोन्ही वेळा हसत हसत.

थोरलीचे पालक दोन. एक डोंगरउतारावरचं जुनं भात, उंच, खरबरीत, दाणे मोजकेच, पण पाण्यावाचून उभं राहणारं. त्याला आम्ही फत्तर म्हणतो. दुसरा लाडोबा. त्याचे पाय पाण्यात असले की लोंब्यांनी वाकतो, आणि पाणी तुटलं की मान टाकतो. फत्तरचा चिवटपणा आणि लाडोबाचं भरघोस पीक एका ताटात आणायचं, एवढाच माझा उद्योग. दर हंगामात कापणीच्या वेळी लाडोबावर गेलेली रोपं मी स्वतःच्या हातांनी उपटून त्यांचं बी बादच्या पोत्यात टाकलं आणि फत्तरवर गेलेली ठेवली. आतापर्यंतच्या चाचण्या उघड्यावर झाल्या, त्यात थोरली पहिली आली. छप्पर याच वर्षी मिळालं. आता आभाळाची लुडबुड नाही, म्हणजे तिचं खरं पाणी दिसेल.

घरी आई. झटका आल्यापासून ती आमच्याकडे आहे. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं, स्वभाव मात्र जागेवर आहे. ‘नको’ आणि ‘जा’ हे शब्द तिला पहिल्यासारखेच येतात. तिच्यासाठी नवऱ्यानं वाचनालयातली नोकरी सोडली. तशी त्याला तिथे काय मोठी कामं होती, धूळ झटकायची आणि लोकांना ‘हळू बोला’ म्हणायचं. आता आईला भरवतो. वाटीभर मऊ भात भरवायला त्याला तास लागतो! माणसाला कामाचा उरक म्हणून नसावा म्हणजे किती नसावा.

१४ फेब्रुवारी

नवीन बाई रुजू झाल्या. दुसऱ्या केंद्रावरून बदलून आल्यात, जनुकं वाचायचं काम करतात. पानाचा चिमूटभर तुकडा द्या, रोपाच्या आत आईचं काय आलं नि बापाचं काय आलं, गुणसूत्रावर बोट ठेवून सांगतील. भलामोठा चष्मा आहे. पहिल्याच दिवशी शेतात येऊन मला विचारतात, “मॅडम, काठाला कुठलं बी पेरलंय?”

मी म्हटलं, “बादच्या पोत्यातलं.”

“म्हणजे याच जोडीतली, तुम्ही नाकारलेली रोपं?”

“हो. काठाला काय, काहीही चालतं.”

लिहून घेतलं त्यांनी! आता यात लिहून घेण्यासारखं काय आहे? चाचणीच्या चारी बाजूंना काठाच्या दोन ओळी लावायच्या असतात. काठावरच्या रोपांना शेजार कमी, उजेड जास्त, मुळं पसरायला बाहेर जागा, म्हणून ती आतल्यांपेक्षा नेहमीच बरी दिसतात. आतल्या पिकाला वाऱ्याउन्हाचा आडोसा द्यायचा, एवढंच त्यांचं काम. कापणीआधी काठ कापून बाजूला टाकायचा आणि मग आतलं पीक मोजायचं. शेतकीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं, काठ मोजायचा नसतो.

कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

२२ फेब्रुवारी

थोरलीनं पानं गुंडाळायला सुरुवात केली. सकाळी थोडी उलगडते, ऊन चढलं की पुन्हा सुरळी. घाबरायचं कारण नाही. पान गुंडाळणं म्हणजे पाणी राखणं, शहाणं रोप तेच करतं. शेजारच्या चौकोनात लाडोबा आडवा झालाय, त्याचं दुःख कुणाला नाही. फत्तर उभा आहे, पण लोंबी बाहेर काढायचं नाव घेत नाही. म्हातारा आहे, वेळ घेणारच.

काठ मात्र हिरवागार. चीड येते बघून. जिला लहानपणापासून वाढवलं ती आत सुकतेय, आणि पोत्यातला गाळ बाहेर डोलतोय. संध्याकाळी मी हे सगळं तावातावानं सांगितलं. चष्मेवाली, काठ, बादचं पोतं, सगळं. नवरा वाटाणे सोलत होता. मी म्हटलं, “तू ऐकतोयस का?” तो म्हणाला, “हो, ऐकतोय की.” आणि सोलत राहिला. भिंतीशी बोलावं तर भिंत निदान वाटाणे सोलत नाही.

२७ फेब्रुवारी

चष्मेवाली आज थेट खोलीत आली. बसा म्हणायच्या आधी बसली.

“मॅडम, काठ हिरवा आहे ना?”

“काठ हिरवाच असतो.”

“सगळा नाहीये. मी जवळून पाहिला. एक रोप हिरवं, त्याच्या शेजारचं करपलेलं, पुन्हा दोन हिरवी. काठामुळे असतं तर सगळीच हिरवी नको का असायला? एकाआड एक कशी?”

“मातीत फरक असतो.”

“एवढ्याशा अंतरात?”

“असतो!”

“पानं तोडून तपासू का थोडी?”

मी नाही म्हटलं. चाचणीचे नियम काय मी केलेत? काठाची रोपं तपासायला लागलो तर उद्या बांधावरचं गवत तपासा म्हणेल. शिवाय तपासणीला जे सामान लागतं ते थोरलीसाठी राखून ठेवलंय. चष्मा पुसत पुसत गेली. चिडली की चष्मा पुसते, हे माझ्या लक्षात आलंय.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “पण मग खरंच, एकाआड एक का?” वाचनालयात शेतीची पुस्तकं वाचून याला वाटतं आपल्यालाही कळतं. मी म्हटलं, “तू आईची वाटी घे आणि जा.” तो गेला. हे त्याचं बरं आहे, राग म्हणून येतच नाही. त्याच्याकडचे सगळे तसलेच. लग्नात आणि बारशाला सारखेच रडतात. आमच्याकडे तो प्रकार नाही. आमच्याकडे कुणी मोडत नाही.

३ मार्च

नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तिच्याकडे कुणी नाही, म्हणून नवरा आज गेला. जाताना आईचं अंग पुसायला, कपडे बदलायला येते त्या बाईला सतरा सूचना. उशी अशी, चमचा तसा, आधी थोडं बोला, मग भरवा. मी म्हटलं, “अरे, चार दिवस जातोयस, देशांतराला नाही. खुशाल राहा. इथे काही अडत नाही.”

५ मार्च

आई जेवत नाही.

बाईनं भरवायचा प्रयत्न केला, तोंड मिटून घेतलं. मी गेले तर ‘जा’. सूप आणलं, ‘नको’. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. बाई म्हणते, “मी काही वाईट करत नाही हो ताई.” भात कडक शिजवत असेल. उद्यापासून मी शिजवते.

६ मार्च

मी शिजवला. मऊ, बिनगुठळीचा. भाताच्या संशोधनात उभं आयुष्य गेलेल्या बाईनं शिजवलेला. दोन चमचे खाल्ले आणि तिसरा माझ्या ओढणीवर.

८ मार्च

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, “घशाला काही नाही. खायचंच नाहीये त्यांना. घरात काही बदललंय का?” मी म्हटलं, काहीसुद्धा नाही. बाई तीच, खोली तीच, औषधं तीच. तांदूळसुद्धा तोच.

संध्याकाळी वाचनालयातला एकजण नवऱ्याला भेटायला आला, पुस्तकांची पिशवी घेऊन. तो नाही म्हटल्यावर दारातच घुटमळला. म्हणाला, “मुलांचा वाचनवर्ग बंद पडला हो ते गेल्यापासून. आठवण काढतात पोरं.” वाचनवर्ग? मला वाटलं भलत्याच कुणाबद्दल बोलतोय. पिशवी ठेवून घेतली.

दिवसा शेत, संध्याकाळी आई. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

१० मार्च

आज कहर झाला. चष्मेवालीनं मला न विचारता काठाची पानं तोडली, तपासली, आणि वर येऊन सांगते की हो, तपासली. साळसूद चेहरा करून.

तिचं म्हणणं असं. काठावर जी रोपं हिरवी आहेत त्या सगळ्यांत बाराव्या गुणसूत्रावर एक तुकडा आहे. करपलेल्यांत तो नाही. फत्तरमध्येही नाही. तो तुकडा लाडोबाचा आहे.

मी हसले. खरंच हसले. “लाडोबाचा? जो पाणी तोडल्यावर सगळ्यात आधी झोपला, त्याचा?”

“हो मॅडम. त्याच्या स्वतःच्या अंगात तो काही करत नाही. फत्तरच्या घरात आला की करतो. फत्तरकडचं काहीतरी लागतं त्याला जोडीला, आणि फत्तरला तो लागतो. एकट्यानं दोघंही अर्धेच.”

“म्हणजे माहेरी दिवे लावले नाहीत आणि सासरी जाऊन घर उजळलं?”

“तसं म्हणा.”

“आणि थोरली?”

चष्मा पुसायला लागली. मग म्हणाली, “थोरलीत तो नाहीये. लाडोबावर गेलेली रोपं तुम्ही काढत गेलात ना, त्यात तोही गेला.”

मी तिला खोलीबाहेर काढलं. नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली असणार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे नाचता येत नाही म्हणून दुसऱ्याचं अंगण खणायला निघालीय.

१२ मार्च

नवरा परत आला. चांगलाच वाळलाय, बहिणीकडे जेवत नव्हता की काय. आल्या आल्या बॅग दारात ठेवून आईच्या खोलीत. तासाभरानं वाटी घेऊन बाहेर आला, रिकामी.

बघा! इतके दिवस आम्हाला नाचवलं, आणि आज भूक लागली तेव्हा मुकाट्यानं खाल्लं. हट्टी म्हातारी. मी त्याला म्हटलं, “तू अगदी वेळेवर आलास, तिचा हट्ट आज संपणारच होता.” तो हो म्हणाला.

१५ मार्च

थोरलीच्या लोंब्या अर्ध्याच बाहेर आल्यात. पोटरीत अडकल्यात, मान वर करून पुन्हा खाली बसल्यासारख्या. आतले दाणे दाबून पाहिले. पहिल्यात दूध नाही. दुसऱ्यातही नाही. दहा लोंब्या पाहिल्या आणि पुढच्या पाहायचं सोडून दिलं.

मातीतली ओल मोजायची नळी बिघडली असेल. छपरामुळे गरम झालं असेल. पाणी दोन दिवस लवकर तोडलं असेल. एवढी कारणं लिहिल्यावर वाचून पाहिली. दुसऱ्या कुणी मला ही दिली असती तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

सगळं सोडून मुद्द्यावर येते. चष्मेवाली चुकली आहे हे मला तिच्याच हातानं सिद्ध करायचंय. आज मी एकटी काठावर गेले, स्वतः पानं तोडली, निम्मी हिरव्या रोपांची, निम्मी करपलेल्यांची. प्रत्येक रोपाला रंगीत दोरा बांधला. पिशव्यांवर नुसते आकडे. कुठला आकडा कसल्या रोपाचा ते फक्त माझ्या टिपणात. शिवाय मध्येच एक पिशवी फत्तरची, एक लाडोबाची, न सांगता. मग तिच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. म्हटलं, “यातली हिरवी कुठली, करपलेली कुठली, रोप न बघता सांगा.”

ती म्हणाली, “नक्की!” असा काही आनंद झाला तिला, जणू मी वाढदिवसाची भेट दिलीय.

२० मार्च

साहेबांनी बोलावलं. समिती चोवीसला येणार. साहेबांनी शेत पाहिलं असावं, कारण त्यांचा आवाज मध घातल्यासारखा होता.

“यंदाचे आकडे कमी आले तरी हरकत नाही. समिती मागच्या चाचण्या बघते, त्यात थोरली पहिली आहे. छपराखालचा प्रयोग नवीनच आहे, असं मी सांगेन. तुम्ही गप्प बसा, बाकी मी बघतो.”

“आणि लोकांच्या शेतात सुकली तर?”

“सुकलीच तर त्या वर्षी पाऊस कमी होता म्हणायचं. तो काय कमी जास्त होतच असतो.”

मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे कबूल केलं असं नाही, पण साहेबांनी तसंच धरलं. निघताना म्हणाले, “आणि तो काठ कापून टाका बाई आधी. आत करपलेलं नि बाहेर हिरवं, फोटोत फार वाईट दिसतं.” ते तसंही करायचंच असतं. मुकादमाला परवाची सकाळ सांगून टाकली.

घरी आल्यावर नवऱ्यासमोर सगळं ओकले. साहेब काय म्हणाले, काठ परवा कापणार, चष्मेवालीचा निकाल अजून नाही, आणि मला आता काहीच नको झालंय. तो ऐकून घेऊन म्हणाला, “निकाल येईपर्यंत काठ राहू दे की.” मी म्हटलं, “तू समितीत आहेस का?” मग वाईट वाटलं. पण बोलून गेलेलं परत कुठे घेता येतं. तो आईकडे गेला.

२२ मार्च

सकाळी चष्मेवालीचा कागद टेबलावर होता. मी दार लावून घेतलं आणि टिपणाशी ताडून पाहिला.

फत्तरची पिशवी तिनं ओळखली. लाडोबाची ओळखली. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलंय, ‘हे दोघे पाहुणे कशाला?’ बाकीच्यांतही एकामागून एक बरोबर. हिरवं, हिरवं, करपलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि मग एक चूक सापडली. एक! माझ्या टिपणात ‘करपलेलं’, हिच्या कागदावर ‘हिरवं’. इतका आनंद मला थोरली पहिली आली तेव्हाही झाला नव्हता. म्हटलं, एक खोटं तर सगळंच संशयास्पद, शितावरून भाताची परीक्षा. तो कागद घेऊन मी शेताकडे पळत सुटले. या वयात, या चपलांत.

तिथे मुकादमाची माणसं विळे घेऊन काठ कापत होती.

मीच सांगितलं होतं. विसरले होते. एक बाजू पूर्ण कापून झाली होती, पेंढ्या बांधून बाजूला टाकल्या होत्या, त्यात दोरे बांधलेली कुठली नि बिनदोऱ्याची कुठली कुणाला कळणार. दुसऱ्या बाजूला विळा लावला होता. “थांबा,” मी म्हटलं, “मला एक रोप बघायचंय.” निळा दोरा, टोकापासून मोजत गेले. सापडलं.

हिरवंगार. लोंबी पूर्ण बाहेर, वाकलेली. दाणा नखानं फोडला, तो भरलेला होता, घट्ट. दोरा बांधताना साहेबांचा फोन आला होता, ते आठवलं. मीच चुकीचं लिहिलं होतं. तिची एकही चूक नव्हती.

मी खाली बसले. समोर लाडोबाचा तुकडा फत्तरच्या अंगात शिरून भरल्या लोंबीनिशी उभा होता, आणि तो मी पोत्यातून काठाला टाकला होता. दर हंगामात जी रोपं मी नाजूक म्हणून उपटली त्यांच्यातच हे होतं. थोरली सुंदर आहे, सरळ आहे, एकसारखी आहे, आणि पाणी तुटल्यावर तिला तारणारी एकच गोष्ट मी माझ्या हातांनी तिच्यातून काढून टाकली. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

मुकादम म्हणाला, “मॅडम, पुढचं कापायचं ना? साहेबांचा माणूस दोनदा येऊन गेला.”

“नाही.”

“काठ आहे तो.”

“माहितीये मला काठ आहे! एक विळा लागला तर बघा.”

साहेबांचा माणूस तिसऱ्यांदा आला, मग साहेब स्वतः आले. काय काय म्हणाले ते लिहीत नाही. मी काठाशी उभी राहिले. नंतर चष्मेवाली खुर्ची घेऊन आली, मला वाटलं माझ्यासाठी. स्वतःच बसली. म्हणाली, “तुम्ही जेवून या, मी आहे.”

२४ मार्च

समिती आली. पाच माणसं, त्यांच्यासाठी छत्र्या धरणारी आणखी पाच. साहेबांनी मागच्या चाचण्यांचे तक्ते लावले होते, थोरली सगळ्यांत वर. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी थोरलीच्या चौकोनातून लोंबी तोडली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. सगळा फोल उडाला. हातात मोजून तीन दाणे राहिले. मग काठावरची तोडली, चोळली, फुंकर मारली. मूठ भरली.

म्हटलं, “आतलं वाण मी मागे घेतेय. बाहेरचं अजून वाण नाही, एकसारखं नाही, त्याला वर्षं लागतील.”

अध्यक्ष म्हणाले, “बाई, काठ कुणी मोजतं का?”

“नाही मोजत. म्हणूनच राहून गेलं.”

“मग आम्हाला बोलावलंत कशाला?” ते घड्याळ बघत म्हणाले. साहेब माझ्याकडे बघतच नव्हते. जेवणं झाली, गाड्या गेल्या. जाताना साहेब एवढंच म्हणाले, “मक्याच्या विभागात तुम्हाला एक टेबल मिळेल.” छपराचा तुकडा मात्र पुढच्या हंगामापुरता माझ्याकडे राहतोय, कारण मक्याला तो बुटका पडतो. तिन्ही बाजूंचं बी चष्मेवालीनं रोपागणिक वेगळ्या पिशव्यांत भरलं. माझं टेबल कुठे असेल ते विचारून घेतलं तिनं, तिचंही तिथेच लावायला.

दुपारीच घरी आले. नवरा आईला भरवत होता. “झालं?” त्यानं विचारलं. “मागे घेतली,” मी म्हटलं. त्यानं मान हलवली, वाटी माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला गेला.

मी चमचा पुढे केला. आईनं तोंड मिटलं. मी म्हटलं, “आई, आज तू तरी नको गं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ जुळवले, एकदा, दोनदा, मग शब्द आला, जड पण स्वच्छ.

“काठ?”

मी चमचा वाटीत ठेवला.

“काठ,” ती पुन्हा म्हणाली. “राहिला?”

“तुला कुणी सांगितलं काठाचं?”

तिनं डोळे स्वयंपाकघराच्या दिशेनं वळवले. तिकडे कपांचा आवाज होत होता. “तो,” ती म्हणाली. श्वास घेतला. “रोज.”

मी घरात येऊन जे जे ओकत होते, थोरली, साहेब, चष्मेवाली, बादचं पोतं, ते सगळं हा माणूस आत नेऊन माझ्या आईला सांगत होता, घासाघासाला थोडं थोडं. तो गेला तेव्हा तिची गोष्ट अर्ध्यावर राहिली होती. आणि मी डॉक्टरांना सांगितलं होतं की घरात काहीसुद्धा बदललेलं नाही.

“तीन बाजू राहिल्या,” मी म्हटलं. “एक मी कापली. माझंच चुकलं होतं, आई. पहिल्यापासून.” हे मी अजून चष्मेवालीलाही म्हटलेलं नाही. आई हसली. अर्ध्याच तोंडानं, पण मनापासून, मी चुकल्याचा तिला लहानपणापासून आनंद होतो. मग तिनं तोंड उघडलं. मी सांगत गेले, ती खात गेली.

नवरा चहा घेऊन दारात उभा होता, किती वेळ ते माहीत नाही. गालाची हाडं वर आलीत त्याची. मला भयंकर लाज वाटली. मी म्हटलं, “ये ना, बस इथे. तुझं काय चाललंय? ते सांग.”

“माझं?” तो म्हणाला.

“हो, तुझं.”

तो कप धरून तसाच उभा राहिला. हा प्रश्न या घरात त्याला कुणी विचारलाच नव्हता. आईनं डाव्या हातानं पलंगाची कड थोपटली, तेव्हा तो बसला.